हॉलमधला बेड: आबांसाठी भाड्याने आणलेल्या हॉस्पिटल बेडचा अनुभव

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येईनासं झालं की हॉस्पिटल बेड आणावा का, कोणता आणावा, त्यावर गादी कोणती टाकावी, हे सगळं एकदम ठरवावं लागतं. विचार करायला सवड नसते. डिस्चार्जच्या कागदावर 'डोक्याकडची बाजू उंच ठेवा' एवढं लिहिलेलं असतं, बाकीचं घरच्यांनी बघायचं. माझ्या आजोबांसाठी, म्हणजे आबांसाठी, आम्ही दोन हँडलांचा बेड, हवेची गादी, दोन्ही बाजूंचे कठडे आणि चाकांचं टेबल असा सगळा संच भाड्याने घेतला. आबा त्याच बेडवर गेले. बेड परत जाऊनही आता बराच काळ झाला. ज्यांच्या घरी आज हा प्रश्न उभा आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेड घ्या. कोणत्या कंपनीचा हा प्रश्न दुय्यम आहे. तो घरात कुठे लावता, यावर पुढचं सगळं ठरतं. आम्ही तो हॉलमध्ये लावला, आणि आबांचे शेवटचे महिने जसे गेले तसे गेले ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

आबांचं हृदय थकलं होतं. आडवं झालं की धाप लागायची. हृदयाचा पंप कमजोर झाला की असं होतं: उभं किंवा बसलेलं असताना पायांत साचलेलं रक्त आडवं झाल्यावर छातीकडे येतं, ते पुढे ढकलायला हृदयाला जमत नाही आणि फुप्फुसांवर भार येतो. साध्या पलंगावर आम्ही पाठीमागे उशा रचायचो. रात्रीतून उशा सरकायच्या, आबा खाली घसरायचे, मान एका बाजूला कलायची आणि मध्यरात्री दोघांनी मिळून त्यांना वर ओढावं लागायचं. ओढताना त्यांची पाठ घासली जायची, आणि त्या वयाची कातडी म्हणजे किती नाजूक! बेड आला त्या रात्री डोक्याकडची बाजू साधारण पंचेचाळीस अंशांवर ठेवली, गुडघ्यांखालचा भाग थोडा उचलला, आणि आबा सलग झोपले. आम्हीच आळीपाळीने उठून बघत होतो.

इथे एक गोष्ट दुकानदाराने सांगितली नाही, घरी येणाऱ्या सिस्टरने सांगितली. आधी गुडघ्यांकडचं हँडल फिरवायचं, मग डोक्याकडचं. उलट केलं तर माणूस बसता बसता खाली घसरतो, आणि आतलं हाड एकीकडे तर कातडी दुसरीकडे ओढली जाते. माकडहाडाजवळच्या जखमा दाबाइतक्याच या ओढाताणीनेही होतात. एवढं एक वाक्य जरी लक्षात राहिलं तरी हा लेख वाचल्याचं सार्थक होईल.

आबा आयुष्यभर फिटर होते. कारखान्यातून निवृत्त होऊन पंचवीसेक वर्षं झाली तरी कुठलंही यंत्र समोर आलं की आधी त्याचे सांधे बघायचे. बेड जोडायला आलेला मुलगा खाली वाकून नट आवळत होता, तेव्हा आबा खुर्चीतून त्याला म्हणाले, "वॉशर टाक बाळा, नाहीतर आठवड्यात ढिला पडेल." त्याने टाकला. पुढे हँडल फिरवताना कर्रकर्र आवाज यायला लागला, तर आबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "स्क्रू कोरडा पडलाय. ग्रीस लावा, तेल नको, तेल उतरून जातं." बाबांनी ग्रीस आणून लावलं आणि आवाज गेला. दुकानाने हे करून द्यायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे. बेड पाठवण्याआधी हँडलाचा दांडा पुसून ग्रीस लावणं ही मोठी गोष्ट नाही. रात्री तीन वाजता त्या आवाजाने सगळं घर जागं होतं.

"हे कुणाचं डोकं?" असं आबांनी एकदा विचारलं, म्हणून मी शोधून त्यांना वाचून दाखवलं. पाठ आणि गुडघे वेगवेगळे उचलता येणारा बेड विलिस गॅच या अमेरिकन सर्जनने १९०९च्या सुमारास बनवला, आणि बेडच्या त्या सांध्याला अजूनही त्याचंच नाव आहे. अर्धवट बसलेल्या अवस्थेला डॉक्टर 'फाउलर पोझिशन' म्हणतात, ते जॉर्ज रायर्सन फाउलर या न्यूयॉर्कच्या सर्जनवरून. त्याने १९०० साली पोटात पू झालेल्या रुग्णांना डोकं आणि धड उंच करून ठेवायला सुचवलं, म्हणजे पू खाली ओटीपोटात उतरेल. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, बेडचा कोन हेच औषध होतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डोकं डॉक्टरचं, पण हात कुणा फिटरचाच असणार." मग बाबांना हाक मारून त्यांनाही ते सांगितलं.

बाबा आणि आबा यांच्यात फारसं बोलणं नव्हतं. भांडण वगैरे नाही, पण दोघेही कमी बोलणारे. बाबा त्यांना 'तुम्ही' म्हणायचे, कामापुरतं विचारायचे, आबा हो किंवा नाही म्हणायचे, संपलं. बेड आल्यावर हँडल फिरवायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. सकाळी तोंड धुताना, जेवताना, पेपर वाचताना, झोपताना, दर वेळी बाबा पायथ्याशी बसायचे आणि विचारायचे, "एवढं पुरे का?" आबा म्हणायचे, "अजून थोडं." "आता?" "अंहं, जास्त झालं. अर्धा फेरा मागे." दिवसातून कितीतरी वेळा. हळूहळू 'अर्धा फेरा मागे'च्या पुढे दुसरं काहीतरी यायला लागलं. कारखान्यातल्या संपाची गोष्ट, आजीच्या आजारपणाची गोष्ट, बाबांच्या कॉलेजची फी कशी भरली त्याची गोष्ट. ही शेवटची बाबांनी साठीपर्यंत ऐकलेलीच नव्हती.

म्हणून मोटरवाला बेड घ्यावा की हँडलवाला, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही. मोटरच्या बेडवर रिमोट रुग्णाच्याच हातात असतो. त्याला दर वेळी कुणाला हाक मारावी लागत नाही आणि त्यात त्याचा मान राहतो. सांभाळणारं माणूस एकटं असेल किंवा स्वतःच वयस्कर असेल, तर मोटरचाच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. आमच्या घरात हात भरपूर होते, त्यामुळे हँडलवाला चालला. एक उणीव मात्र रोज जाणवली: आमच्या बेडची उंची कमी-जास्त होत नव्हती. स्वच्छता करताना, चादर बदलताना आई आणि माझी बायको दोघींना सतत वाकावं लागायचं आणि दोघींच्याही कमरा धरल्या. तिसरं हँडल असलेला, पूर्ण बेड वर-खाली होणारा प्रकार मिळतो. तो मिळत असेल तर दुसरा घेऊ नका. सांभाळणाऱ्यांच्या पाठी हासुद्धा रुग्णाच्या शुश्रूषेचाच भाग आहे.

आता जागेबद्दल. मागच्या खोलीत बेड लावायचा की हॉलमध्ये, यावरून घरात वाद झाला. आत्याचं म्हणणं होतं, आबांना शांतता हवी, आल्यागेल्यासमोर त्यांना असं ठेवणं बरं दिसत नाही. तिचं चुकत नव्हतं. डायपर बदलणं, अंग पुसणं, हे चारचौघांत कुणाला आवडेल? शेवटी निर्णय आबांनीच दिला. "आत टाकलंत तर तुम्ही दिवसातून दोनदा भेटायला याल. इथे असलो तर भेटायला यावं लागणार नाही." आम्ही छताला दोरी बांधून जाड पडदा लावला. लागेल तेव्हा ओढायचा, एरवी उघडा. आत्याने स्वतः तो पडदा शिवला.

हॉलमध्ये बेड असला की घर त्याच्याभोवती फिरतं. कपडे वाळून आले की आई घड्या घालायला आबांच्या पायथ्याशी बसायची आणि रुमालांच्या घड्या आबा घालायचे. हात थरथरायचे, घड्या वाकड्या यायच्या, पण ते काम त्यांचंच होतं. मी कामाचे फोन तिथेच बसून घ्यायचो. बायको ऑफिसमधून आली की चपला काढता काढता दिवसभराचं सांगायची आणि आबा तिच्या साहेबाला नावं ठेवायचे. टीव्हीच्या आवाजावरून, पंख्याच्या वेगावरून जी कुरबूर सगळ्या घरांत चालते ती आमच्याकडेही चालायची आणि तिच्यात आबांचं मत असायचं. गंभीर आजारी माणसाच्या घरात सगळ्यांनी कुजबुजत बोलायला पाहिजे असं जे आपल्याला वाटतं, ते आबांना नको होतं.

चाकांचं टेबल आम्ही आबांच्या जेवणासाठी घेतलं होतं. C आकाराचा पाय बेडखाली सरकतो आणि फळी छातीसमोर येते. त्याचा कब्जा माझ्या मुलाने घेतला. तो तेव्हा पहिलीत होता. शाळेतून आला की बेडवर चढून पणजोबांच्या शेजारी बसायचा, टेबल पुढे ओढायचा आणि पाढे लिहायचा. आबा चष्मा लावून तपासायचे. चूक सापडली की पेन्सिलीने त्याखाली रेघ मारायचे, उत्तर सांगायचे नाहीत. आबांना सगळं घर 'तुम्ही' म्हणायचं, हा एकटा 'तू' म्हणायचा. भाड्याच्या सगळ्या वस्तूंत सर्वांत स्वस्त हे टेबल, आणि सर्वांत जास्त वापर त्याचाच. घेताना फक्त एवढं बघा की त्याचा पाय तुमच्या बेडखाली पूर्ण सरकतो ना. काही बेडांना खाली आडवी पट्टी असते, तिथे तो अडतो.

गादीबद्दल मात्र मला जास्त लिहायचं आहे, कारण इथे गैरसमज फार आहेत. हवेची गादी म्हणजे एअर बेड. तिच्यात हवेचे कप्पे असतात आणि पायथ्याला अडकवलेला छोटा पंप ते दोन गटांत आळीपाळीने भरतो आणि सोडतो. साधारण दहा मिनिटांत एक चक्र. त्यामुळे अंगाचा एकच भाग सतत दाबाखाली राहत नाही. माझा मुलगा म्हणायचा, "बेड श्वास घेतोय." कल्पना छान आहे, पण गादी आणली म्हणजे जखमा होणारच नाहीत असं समजू नका. कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी, आणि माणसाच्या कातडीकडे बघून ते अंतर कमी-जास्त करावं लागतं. पूर्ण कुशीवर वळवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशच कलतं ठेवायचं, हेही सिस्टरनेच दाखवलं.

कातडी कशी तपासायची ते प्रत्येकाने शिकून घ्यावं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू, या जागा रोज बघायच्या. कुठे लाली दिसली तर बोटाने हलकं दाबून सोडायचं. दाबल्यावर ती जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. फिकी पडतच नसेल तर ती जखमेची पहिली पायरी, त्या जागेवर आता भार नको. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक लागतं का, दुखतं का, हे हाताने बघायचं. लाल झालेल्या जागेला चोळायचं नाही. आपल्याला वाटतं रक्त फिरेल, पण आतल्या दुखावलेल्या पेशींना त्याने जास्त इजा होते. मध्ये भोक असलेल्या गोल रिंगवरही बसवू नका. कडेने दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी द्यायची आणि टाचा हवेत मोकळ्या ठेवायच्या.

पंपावर वजनाप्रमाणे फिरवायचा खटका असतो. आबांचं वजन उतरत गेलं तसं आम्ही तो कमी करत गेलो. हवा पुरेशी आहे का ते बघायला गादीखालून, माकडहाडाच्या खाली, तळहात सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. गादीवर चादरी आणि रबरी कापडं एकावर एक टाकू नका, त्याने गादीचा गुण मरतो. एक पातळ चादर पुरे. खाली फोमची गादी असूच द्या, कारण वीज गेली की हवा उतरते आणि माणूस थेट पत्र्यावर येतो. आम्हाला मिळालेला पहिला पंप सुस्कारे टाकत होता, नळी जोडाशी गळत होती. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला. मधली रात्र आम्ही तासातासाला उठून काढली. दुकानात पंप चालू करून, गादी पूर्ण फुगवून बघितल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

कठडे आबांना बिलकूल आवडले नाहीत. "पिंजरा कशाला?" असं म्हणाले. त्यांचा विरोध मला पटला, कारण कठडे नेहमीच सुरक्षित असतात असं नाही. हातपाय किंवा डोकं गजांमध्ये, नाहीतर कठडा आणि गादी यांच्या फटीत अडकून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००६ साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गजांमधली फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावी असं म्हटलंय. बेड आणि गादी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतली तर बाजूला फट राहण्याची शक्यता जास्त. भ्रम होणारा, रात्री उठू पाहणारा रुग्ण असेल तर तो कठड्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. आम्ही भिंतीकडचा कठडा कायम वर ठेवला आणि आबा कूस बदलताना तो धरायचे. दुसरा फक्त रात्री वर करायचो, आणि वर करायच्या आधी त्यांना सांगायचो.

दर रविवारी मी आबांची दाढी करायचो. पाठ पूर्ण उभी, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, टेबलावर कोमट पाण्याचं भांडं. गाल इतके आत गेले होते की ब्लेड नीट चालायचं नाही. मग आबा स्वतः जिभेने आतून गाल फुगवायचे, न सांगता. हनुवटीखाली आलो की डोकं मागे टेकवून डोळे मिटायचे. दाढी झाली की गालावरून उलटा हात फिरवून बघायचे, एखाद्या ठिकाणी राहिलं असेल तर बोट ठेवून दाखवायचे. त्यांच्या कामातली शिस्त मी लहानपणापासून ऐकून होतो, ती मला तिथे बघायला मिळाली.

शेवटच्या आठवड्यात जेवण बंद होत गेलं. आम्ही आग्रह करायला लागलो तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं. खाणं सुटलं म्हणून माणूस जात नाही, शरीर आटोपतं घ्यायला लागलं की भूक सुटते, हे समजून घ्यायला आईला सर्वांत जड गेलं. तिने एवढी वर्षं त्यांना वाढलं होतं. मग ओल्या स्पंजच्या काडीने ओठ आणि जीभ ओली ठेवणं हे तिचं काम झालं आणि तिला थोडं बरं वाटलं. श्वासाची लय बदलली: खोल, अजून खोल, मग उथळ, मग काही क्षण थांबलेला, मग पुन्हा सुरू. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात, दोन डॉक्टरांच्या नावावरून. सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरून त्यांना पुन्हा हॉस्पिटलात नेलं नाही. त्या दिवसांत घड्याळ लावून कूस बदलणंही सोडलं. ज्या बाजूला त्यांना बरं वाटतं, त्या बाजूला राहू द्यायचं.

आबा दुपारी गेले. वॉशिंग मशीन चालू होतं, मुलगा नुकताच शाळेतून आला होता, दप्तर बेडच्या पायाशीच पडलेलं होतं. बाबा त्यांचा हात धरून बसले होते. थोड्या वेळाने सिस्टर आल्या, त्यांनी नाडी बघितली आणि बाबांना हळूच म्हणाल्या की आता बेड सपाट करा, काही तासांनी अंग ताठ होतं, मग सरळ करता येत नाही. बाबा पायथ्याशी गेले आणि हँडल उलटं फिरवायला लागले. पूर्ण खालपर्यंत. आबा हयात असताना तो बेड कधी सपाट झालाच नव्हता. बाबांना मी रडताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा, आणि तरी त्यांनी हँडल दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

मुलाला आम्ही सरळ शब्दांत सांगितलं की आबा मेले. 'झोपले', 'लांब गेले' असं मुद्दाम म्हटलं नाही. त्या वयाच्या मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे जेमतेम उमगायला लागलेलं असतं. 'झोपले' म्हटलं तर ती झोपायलाच घाबरू शकतात. तरी त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. रात्री त्याने मला विचारलं, "बाबा, या बेडवर जो झोपतो तो मरतो का?" मी त्याला सांगितलं की बेडमुळे आबांचा त्रास कमी झाला होता, मेले ते हृदय बंद पडल्यामुळे. त्याने ऐकलं, पण पटलेलं दिसलं नाही. हॉलमधून जाताना भिंतीला चिकटून जायला लागला.

दुकानाच्या सेवेबद्दल जे लिहायचं आहे ते इथेच येतं. आबा गेल्याचं आत्याने त्यांना फोनवर कळवलं होतं. तरी दोन दिवसांनी माझ्या फोनवर मेसेज आला: 'आपल्या रुग्णाच्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा. भाड्याची मुदत संपत आहे, नूतनीकरणासाठी येथे दाबा.' मग एका मुलीचा फोन आला, "पेशंट बरे झाले का?" ती बिचारी यादी बघून फोन करत होती, तिचा दोष नाही. पण हॉस्पिटल बेड भाड्याने देणाऱ्यांना हे माहीत असतं की बरेचसे बेड कशामुळे परत येतात. एक खूण करून ठेवायची यादीत, एवढंच तर करायचं असतं.

याच्या अगदी उलट अनुभव बेड न्यायला आलेल्या माणसाचा. जोडायला आला होता तोच मुलगा. दारात थांबला, आत बघितलं आणि विचारलं, "आत्ता काढू, की थोड्या वेळाने येऊ?" काढण्याआधी त्याने जंतुनाशकाने बेड पुसला, गाडीत नेऊन नाही, आमच्यासमोर. नट सोडवताना वॉशर हातात आला तर म्हणाला, "आजोबांनी सांगितल्यापासून सगळ्या बेडांना टाकतो." माझा मुलगा कोपऱ्यात उभा होता, त्याने विचारलं, "आता याच्यावर कोण झोपणार?" तो सहज बोलून गेला, "एक ताई आहेत, पाय मोडलाय. प्लास्टर निघेपर्यंत. मागच्या वेळी एक काका होते, ऑपरेशन झालेले, ते तर बरे होऊन स्वतः दारापर्यंत सोडायला आले." मुलगा पुढे आला आणि त्याला पाने धरून द्यायला लागला. मी रात्रभर समजावून जे झालं नव्हतं, ते त्याच्या दोन वाक्यांत झालं.

बेड गेल्यावर हॉलमध्ये फरशीवर चार चाकांचे काळे डाग राहिले. बरेच दिवस आम्ही सोफा पुन्हा जागेवर आणला नाही, आणि चालताना सगळे अजूनही बेडला वळसा घालून जायचे. कूस बदलायचा रात्रीचा अलार्म मी बंद केला होता, पण आईची झोप त्या वेळेला मोडत राहिली. पुढे कितीतरी दिवस ती उठून हॉलपर्यंत येऊन जायची. ज्या घरात सगळ्यांचा दिवस एका माणसाच्या वेळांवर बांधलेला असतो, तिथे तो माणूस गेल्यावर नुसता शोक नसतो, हात रिकामे होतात. संध्याकाळी साडेसहाला बाबा काहीच न करता पायथ्याच्या जागी खुर्ची टाकून बसायचे. मग मुलाने चाकांचं टेबल त्यांच्यापुढे सरकवलं आणि पाढे तपासायला दिले. ते टेबल मी दुकानाकडून विकत मागून घेतलं होतं. बाबाही उत्तर सांगत नाहीत, रेघ मारतात.

घेणाऱ्यांसाठी काही बारीकसारीक. बेड साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो, भागांत सुटा होऊन येतो, तरी दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापं आधी घ्या. चारही चाकांचे ब्रेक लावून बेड जोरात ढकलून बघा. दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा सोडा, भिंतीला अगदी खेटून लावलात तर चादर बदलताना पंचाईत होते. पंपाची वायर येण्याजाण्याच्या वाटेत नको. अनामत रकमेची पावती घ्या आणि महिना अर्धवट राहिला तर उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळतं का, ते लिहून घ्या, कारण त्या वेळी ते विचारायची ताकद कुणात नसते. परत करायचा फोन घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर टाकू नका.

बेडला माझ्याकडून पूर्ण गुण, उंची बदलता येत नाही याचे थोडे कापून. गादी चांगली, पण तुमच्या डोळ्यांच्या आणि हातांच्या भरवशावरच. जोडणाऱ्या मुलाबद्दल दुकानाच्या मालकांना मी मुद्दाम फोन करून चांगलं सांगितलं. अनामत रक्कम पूर्ण परत मिळाली, उशीर झाला नाही. शुभेच्छांचा तो मेसेज थांबवा, असं त्यांना लेखी कळवलं आहे, आणि यादीत खूण करण्याची सोय करतो असं त्यांचं उत्तरही आलं आहे.